गाय व्यायल्यावरचे पहिले दोन तास

(ऐकायला वेळ नसेल तर या भागाचा हा लिखित अवतार. बोललोय तसंच ठेवलंय, थोडं आवरून.)

एरवी मी इथे कोड आणि करिअरबद्दल बोलतो. आज गोठ्याबद्दल बोलणार आहे. सांगली जिल्ह्यात आमच्या घरी चार संकरित गाई आहेत. मी पुण्यात नोकरी करतो, पण यंदा चारपैकी तीन गाई दिवाळी ते संक्रांत या काळात व्यायच्या होत्या, म्हणून घरून काम मागून घेतलं आणि गावी आलो.

कारण दोन वर्षांपूर्वीची एक रात्र. चंद्री रात्री दीडला व्याली. कालवड झाली, छान धडधाकट. मी चीक काढायला बसलो तर आज्जी म्हणाली, "वार पडल्याबिगर कासेला हात लावायचा न्हाई." वार पडली सकाळी अकराला. म्हणजे वासराच्या पोटात चिकाचा पहिला थेंब साडेनऊ तासांनी गेला. चौथ्या दिवशी हगवण लागली, सहाव्या दिवशी कालवड गेली. डॉक्टर म्हणाले, एकच कारण असं सांगता येत नाही, पण चीक उशिरा मिळाला हे नक्की वाईट झालं.

उशीर का चालत नाही?

माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, मिळतात. गाईची वार त्या आरपार जाऊ देत नाही. त्यामुळे वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचं संरक्षण जवळपास नसतंच. ते सगळं चिकात असतं. आणि वासराचं आतडं या अँटिबॉडी जशाच्या तशा रक्तात घेतं, पण फक्त सुरुवातीला. तासातासाला ही क्षमता घटते आणि साधारण २४ तासांत दार बंद होतं. नंतर कितीही पाजा, पोट भरेल, पण ते संरक्षण मिळणार नाही.

म्हणून पहिला चीक एक-दोन तासांच्या आत. किती? पहिल्या २४ तासांत वासराच्या वजनाच्या किमान दहावा हिस्सा. वासरू २८ किलोचं असेल तर पावणेतीन-तीन लिटर, दोन-तीन वेळा विभागून. वजन कसं करायचं? घरातल्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग वासराला उचलून घेऊन उभे राहा. वजाबाकी करा. झालं.

तारीख आधीच माहीत असते

गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. जुन्या लोकांचा हा हिशोब बरोबर आहे. गाय १० फेब्रुवारीला भरवली असेल तर १९-२० नोव्हेंबरच्या आसपास व्यायला येणार. चार-आठ दिवस मागेपुढे धरा. मी प्रत्येक गाईचे दोन रिमाइंडर लावले: एक दोन महिने आधी, दूध आटवायला, दुसरा दहा दिवस आधी, वेगळ्या कोरड्या जागेत बांधायला. आटवताना दहा दिवसांचं दूध बिल कमी येतं, पप्पांचं तोंड पडतं, पण कासेला ती विश्रांती लागते.

त्या रात्री काय बघायचं

कास तटतटते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, चिकट बळस लोंबते, गाय सारखी ऊठबस करते. मग पाणमोट दिसते. वासरू कसं यायला हवं? विहिरीत सूर मारणारं पोरगं आठवा: दोन्ही हात पुढे, त्यावर डोकं. तसेच पुढचे दोन पाय आणि त्यावर नाक. एकच पाय दिसला, किंवा पाणमोट फुटून तासभर झाला आणि काही पुढे सरकलं नाही, तर ओढाओढ नको. डॉक्टरांना फोन. १९६२ हा टोल फ्री नंबरही सेव्ह करून ठेवा.

वासरू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा पुसा, गाईला चाटू द्या, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. आणि लगेच चीक.

वारेचं काय?

यंदा चंद्रीच पहिली व्याली, तीही रात्रीच. आज्जी खाटेवर बसून होती. मी भांडं घेतल्यावर म्हणाली, "आता तू शिकवणार व्हय मला?" मी वाद घातला नाही. डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, "आज्जी, वासरू कासेला लुचलं की गाईच्या अंगात एक द्रव सुटतो, त्याने गर्भाशय आवळतं. वार अडकत नाही, उलट पडायला मदतच होते."

आज्जी म्हणाली, "पाज मग. न्हाई पडली तर तू बघ."

वार पहाटे साडेपाचला पडली. साधारण आठ-बारा तासांत ती पडते. बारा तासांनंतरही लोंबत असेल तर डॉक्टरांना सांगा. हाताने ओढू नका, वजन बांधू नका.

अजून एक. व्यायल्यावर दोन-तीन दिवस गाईवरही लक्ष ठेवा. कान गार, मान कुशीकडे वळवून बसलेली, उठता येत नाही, तर तो दुग्धज्वर असू शकतो. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, गार पडतं. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं. सकाळची वाट बघू नका, आणि बसलेल्या गाईच्या घशात काही ओतू नका, फुप्फुसात जाऊ शकतं.

चंद्रीची कालवड आता तीन महिन्यांची आहे. दुसऱ्या दोघींच्या वेळी आज्जीनेच मला हाक मारली, "ऊठ, चीक काढ." खरवसाचा चीक मात्र वासराचं पोट भरल्यावर तिने स्वतः मोजून घेतला.

तुमच्या घरी गाय-म्हैस असेल तर हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. आणि आज्जी ऐकत नसतील तर डॉक्टरांचा फोन स्पीकरवर टाका. भेटू पुढच्या भागात!