फॉरमॅट मारण्याआधी

सोलापुरातली कितीतरी ऑफिसं चित्रांच्या ओळखीवर चालतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस घ्या, नाहीतर चाटी गल्लीतली कापडाची पेढी घ्या. सकाळी मशीन सुरू झालं की दिवाणजी डावीकडच्या रांगेतल्या दुसऱ्या चित्रावर दोनदा क्लिक करतात आणि हिशेबाची टॅली उघडते. चित्राखाली इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचायची वेळच त्यांच्यावर येत नाही. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू, मराठी आणि कन्नड, बिलावर इंग्रजी असा या शहराचा दिवस जातो. त्यात डेस्कटॉपवरचं चित्र सगळ्यांना सारखंच कळतं.

त्यामुळे एखाद्या सकाळी सगळी चित्रं पांढरी, कोरी दिसली की काम खरोखर थांबतं. परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतं. हैदराबादला निघालेला टेम्पो भरून दारात उभा असतो आणि बिल काढायचं कुठून ते सापडत नसतं. मग मला फोन येतो. "सगळं उडालं की हो. टॅली दिसंना, काहीच दिसंना."

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात अशा फोनला माझं उत्तर ठरलेलं आहे. "दिवाणजी, काही उडालेलं नाही. काही डिलीट करू नका, कुणाला हात लावू देऊ नका. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवा."

त्या फोटोवरून निम्मं निदान होतं. किती चित्रं बिघडली, हा पहिला प्रश्न. एकच, काही, की सगळी? बिघडलेली कोरी झाली, की दुसऱ्याच कशाची तरी झाली? आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली तो छोटा बाण आहे का? पायऱ्या चढून ऑफिसात पोचण्याआधी या तिन्हींची उत्तरं मिळाली तर पुढचं काम बहुतेकदा लवकर आटोपतं.

बाण असणं म्हणजे ते चित्र शॉर्टकट आहे. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि त्याच्यासोबत हे शॉर्टकट डेस्कटॉपवर आले. शॉर्टकट म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी, जेमतेम एक-दोन केबीची फाइल. प्रोग्राम कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे एवढं तिच्यात असतं. चिठ्ठी फाडली म्हणून घर पडत नाही, तसं शॉर्टकट पुसला म्हणून टॅली जात नाही. हे मी प्रत्येक ऑफिसात सांगतो, कारण लोकांची निम्मी भीती तिथंच संपते.

स्वतःचं चित्रही या फाइलमध्ये नसतं. अमुक प्रोग्रामच्या फाइलमधलं अमुक क्रमांकाचं चित्र दाखव, एवढी सूचना असते. पण दर वेळी प्रत्येक प्रोग्रामची फाइल उघडून चित्र काढत बसलं तर वेळ जाईल, म्हणून विंडोज एकदा काढलेल्या चित्रांच्या प्रती स्वतःजवळ साठवून ठेवतं. विंडोज ७ मध्ये त्यासाठी आयकॉनकॅश नावाची एक लपवलेली फाइल होती. त्यानंतरच्या विंडोजमध्ये चित्रांच्या मापानुसार १६, ३२, ४८, २५६ अशा आकड्यांच्या वेगवेगळ्या फाइली झाल्या. आपण डेस्कटॉपवर बघतो ते बहुतेक वेळा या साठ्यातलं चित्र असतं. साठा बिघडला की टॅलीच्या जागी कोरा कागद दिसतो, वर्डच्या जागी कॅल्क्युलेटर दिसतो. प्रोग्राम मात्र जागच्या जागी सुरक्षित असतो.

हा साठा बिघडायचं आमच्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे लाइट जाणं. फाइलवर लिहिणं चालू असताना किंवा ते पुरं व्हायच्या आधीच वीज गेली की फाइल अर्धवट राहते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी सोलापूरच्या उन्हाळ्यात लवकर दम तोडते. पारा चाळिशीच्या पुढं गेलेला, यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेला, वर जुन्या पावतीपुस्तकांचा ढीग. त्या बॅटरीकडून काय अपेक्षा करणार? लाइट जाते, यूपीएस एकदा टीक करतो आणि मशीन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रं गेलेली.

दुरुस्ती बघणाऱ्याला यातला मधला एक क्षण कठीण जातो. आधी मी डेस्कटॉपचा फोटो माझ्याकडे आहे ना ते पाहतो, कारण चित्रांची रांग विस्कटली तर ती परत तशीच लावून द्यावी लागते. जागा बदलली की दिवाणजींच्या हाताची सवय मोडते. मग उघडं असलेलं सगळं काम सेव्ह करून बंद करायला सांगतो. काही जण एफ-५ दाबून बघितलेलं सांगतात, पण त्यानं साठा नव्यानं बनत नाही. खरा उपाय साठ्याच्या फाइली पुसण्याचा, आणि विंडोज एक्सप्लोरर चालू असताना त्या पुसू देत नाही. म्हणून टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोररच बंद करावा लागतो. तो बंद केला की खालची पट्टी नाहीशी होते, स्टार्टचं बटण जातं, उरलीसुरली चित्रंही जातात. मागं उभ्या असलेल्या माणसाचा श्वास अडकलेला मला पाठीला जाणवतो. त्यामुळे आधीच सांगून ठेवतो : आता सगळं दिसेनासं होईल, घाबरू नका, मीच घालवतोय.

टास्क मॅनेजरमधूनच काळी कमांडची खिडकी उघडायची, युजरच्या लोकल फोल्डरमधल्या आयकॉनकॅशच्या फाइली पुसायच्या आणि तिथूनच एक्सप्लोरर पुन्हा सुरू करायचा. खालची पट्टी परत येते. मग चित्रं भरायला लागतात. एखाद्या क्षणापुरती सगळी कोरी, मग कुठं फोल्डर पिवळं होतं, कुठं प्रिंटरचं चित्र येतं, आणि टॅली आपल्या जागी दिसते. विंडोज तो साठा स्वतःहून नव्यानं बनवतं. म्हणजे पुसलेलं काहीही कायमचं गेलेलं नसतं. इतक्या निर्धास्तपणे पुसता येईल अशा फाइली कॉम्प्युटरमध्ये फार थोड्या असतात.

एकच चित्र कोरं झालं असेल तर मी साठ्याला हात लावत नाही. त्यावर डबल क्लिक करून बघतो. प्रोग्राम उघडला तर फक्त चित्राचा पत्ता चुकलाय. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन, आणि काम झालं. उघडला नाही तर प्रोग्रामच हललाय किंवा नाहीसा झालाय, आणि तिथं चित्र बदलून काही होणार नाही. कधी अँटिव्हायरसनं संशयावरून ती फाइल उचलून अलग ठेवलेली असते. कधी बाहेरची हार्ड डिस्क काल ई ड्राइव्ह होती, आज एफ झालेली असते. लॅनवर चालणाऱ्या ऑफिसात तर कित्येकदा बिघाडच नसतो. मुख्य मशीन मालकांच्या केबिनमध्ये, मालक अकराला येतात, आणि बाहेरच्या ताई दहाला येऊन मशीन लावतात. ज्या मशीनवर प्रोग्राम आहे तेच बंद असेल तर शॉर्टकट चित्र आणणार कुठून? तिथं केबिनची किल्ली ताईंकडे देणं हीच दुरुस्ती.

सगळी चित्रं एकसारखी झाली, म्हणजे टॅली, ब्राउझर, प्रिंटर सगळ्यांवर नोटपॅडचं किंवा पीडीएफचंच चित्र दिसायला लागलं, तर तो वेगळा रोग. विंडोज ७ च्या दिवसांत हा फार यायचा. कुणीतरी एखादा शॉर्टकट उघडेना म्हणून 'ओपन विथ' मध्ये जाऊन नोटपॅड निवडलेलं असायचं, आणि 'नेहमी यानंच उघड' ही खूण तशीच राहिलेली असायची. एलएनके या प्रकारच्या सगळ्या फाइली, म्हणजे झाडून सारे शॉर्टकट, मग नोटपॅडला जोडले जायचे. काहीही क्लिक केलं की समोर अगम्य अक्षरांचं पान. यात साठा पुसून उपयोग नाही. रजिस्ट्रीत जाऊन एलएनकेखाली युजरनं केलेली निवड काढून टाकावी लागते. रजिस्ट्री एडिटर विंडोजच्या बटणासोबत आर दाबून, नाव टाइप करून उघडायचा, कारण ती वाट शॉर्टकटवरून जात नाही. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी तिची प्रत काढून ठेवायची, हा नियम मी कधी सोडत नाही.

पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला बाण दिसला तर मात्र मी आवाज चढवून सांगतो, क्लिक करू नका. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणलेल्या पेनड्राइव्हवर हे वर्षानुवर्षं दिसत आलंय. व्हायरस खरं फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा, फोल्डरच्याच चित्राचा शॉर्टकट समोर ठेवतो. क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं. फोल्डर उघडल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटची ओळ वाचली की सोंग उघडं पडतं, कारण तिथं फोल्डरच्या पत्त्याऐवजी एखाद्या स्क्रिप्टला चालवायची आज्ञा असते. खऱ्या फाइली पेनड्राइव्हवरच असतात. ॲट्रिब या जुन्या आज्ञेनं त्यांचा लपवलेपणा काढला की त्या परत दिसतात.

शॉर्टकटच्या चित्राकडे क्षुल्लक म्हणून बघणाऱ्यांनी २०१० साल आठवावं. त्या जूनमध्ये बेलारूसमधल्या एका अँटिव्हायरस कंपनीला स्टक्सनेट सापडला. इराणच्या अणुकेंद्रातल्या यंत्रांवर रोखलेला हा व्हायरस पेनड्राइव्हवरून शिरायचा, आणि त्याला क्लिकचीही गरज नव्हती. फोल्डर उघडून विंडोजनं शॉर्टकटचं नुसतं चित्र दाखवायला घेतलं की व्हायरस चालू. तो भारतातल्याही हजारो मशीनमध्ये पोचला होता. दुरुस्ती २ ऑगस्टला आली. तोवरचा तात्पुरता उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनं स्वतःच शॉर्टकटची चित्रं बंद करण्याची सोय दिली होती. ती वापरली की डेस्कटॉपवरचे सगळे शॉर्टकट पांढरे कोरे व्हायचे. आज जे दिसलं की आम्हाला बोलावतात, ते त्या दिवसांत सुरक्षिततेचं लक्षण होतं.

साठा पुसून चित्रं परत आली आणि काही दिवसांत पुन्हा गेली, तर मात्र चित्राचा विचार सोडून मी मशीनचं झाकण उघडतो. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात आत काय दिसणार ते ठाऊक असतं. टेरी टॉवेल विणताना सुताचे बारीक तंतू सतत उडतात. ते पंख्यातून आत जातात आणि प्रोसेसरवरच्या पंख्याखाली त्यांचा नमदा तयार होतो. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो, मशीन स्वतःला वाचवण्यासाठी धाडकन बंद होतं, आणि अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते. ब्लोअर मारून तो थर काढला, पंखा मोकळा फिरायला लागला की चित्रांचा त्रासही थांबतो.

तरीही थांबला नाही तर हार्ड डिस्क तपासायची. आयकॉनकॅश वारंवार लिहिली जाते, त्यामुळे डिस्क खराब व्हायला लागली की कधी कधी पहिली खूण तिथंच उमटते. डिस्कनं धोक्याची सूचना दिली, की मी पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी टॅलीच्या डेटाची प्रत काढतो. त्या दिवशी चित्रं दुरुस्त झाली नाहीत तरी चालतं.

काम झाल्यावर मी अजून एक गोष्ट करून देतो. शॉर्टकटची नावं बदलून देतो. विंडोजमध्ये ती सरळ देवनागरीत लिहिता येतात, तेलुगूतही. 'बिल', 'ई-वे बिल', 'पगार', 'सुताची आवक'. सुताचा स्टॉक टाकणारा जॉबर तेलुगू वाचत असेल तर त्याच्या मशीनवर तेलुगू. पुन्हा कधी चित्र गेलं तर निदान नाव वाचून काम चालू राहतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. या बिघाडावर आपल्या शहरात सर्रास एकच उपाय सांगितला जातो : फॉरमॅट मारावा लागेल. आयकॉन चुकलाय एवढ्या कारणासाठी फॉरमॅट करणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात वेळ आणि पैसे जातातच, पण खरा धोका डेटाचा, कारण फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह पुसणं. टॅलीप्राइम आपला डेटा मुळात सी ड्राइव्हवरच ठेवते. डेस्कटॉपवर बाण नसलेल्या ज्या फाइली असतात त्या अस्सल असतात, आणि त्याही सी ड्राइव्हवरच. फॉरमॅट करणाऱ्यानं विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही, तर वर्षाचे हिशेब जातात. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे नवी विंडोज टाकायची गरज तुमच्या मशीनला असेलही. पण तो निर्णय वेगळा, सवडीनं आणि बॅकअप घेऊन करायचा.

तेव्हा पुढच्या वेळी चित्रं गेली आणि कुणी फॉरमॅटचं नाव काढलं, तर त्यांना आधी विचारा : आयकॉनकॅश पुसून बघितली का? डिस्क तपासली का? टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आणि त्याची प्रत कुठं काढून ठेवलीत? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत माऊस त्यांच्या हाती देऊ नका.