विद्यार्थ्यांचे चित्रीकरण : साधने कोणती घ्यावीत?

वक्तृत्व स्पर्धेतील भाषण असो, विज्ञान प्रदर्शनातील प्रयोग असो की एखाद्या अर्जासोबत द्यावयाची स्वतःची ओळख असो, आता पुष्कळदा व्हिडिओ करून पाठवावा लागतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हापासून तर खेड्यातील विद्यार्थ्यालाही हे काम चुकलेले नाही. मग घरात पहिला प्रश्न निघतो, "चांगला कॅमेरा केवढ्याला येतो?" आपल्या वाशीम जिल्ह्यातील कितीतरी घरे सोयाबीनच्या भावावर, नाहीतर रोजमजुरीवर चालतात. अशा घराने हप्त्यावर महागडा मोबाईल घ्यावा आणि त्यात मुलीचे भाषणच नीट ऐकू येऊ नये, यासारखे दुःख नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हांला हप्ता म्हणजे काय ते रोज दिसते. सबब पैसा आधी कोठे घालावा आणि कोठे घालू नये, याचा क्रम येथे मांडीत आहोत.

साधनांचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसा उभा केला आणि १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी टिपले काय, तर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ! कॅमेरा एका जागी ठेवून दिवसामागून दिवस थोडेथोडे चित्रण केले. पुढे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी ती कार्यक्रम तयार करी व ते दूरदर्शनवरून दिसत. २०१७ साली ती बंद झाली. त्या काळी अशा कामाला स्टुडिओ आणि तंत्रज्ञ लागत. आज विद्यार्थ्याच्या गरजेपुरते चित्र घरातला साधा मोबाईलही टिपतो. म्हणून कॅमेरा हा खर्चाचा पहिला नव्हे, शेवटचा भाग समजावा.

पहिला मान आवाजाला. चित्र थोडे धूसर असले तरी परीक्षक पाहून घेतो. शब्दच कळला नाही तर तो काय करणार? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. मोबाईल सहा फुटांवर, डोक्यावर पंखा आणि वर टिनाचे छप्पर असेल, तर बोलणे त्यातच विरते. म्हणून कॉलरला लावायचा वायरचा माईक घ्यावा आणि तो हनुवटीखाली एका वितीवर लावावा. तो काही शे रुपयांत मिळतो, वायरलेसपेक्षा स्वस्त पडतो आणि बहुधा चार्जिंगही लागत नाही. घेताना आपल्या मोबाईलला गोल छिद्र आहे की टाइप-सी, ते पाहावे. गोल पिनेवर तीन रेघा असतील तर ती मोबाईलची. दोन असतील तर बहुधा कॅमेऱ्याची, ती मोबाईलला चालेलच असे नाही.

दुसरे, स्टँड. हातात धरलेला मोबाईल हलतो. साधा तिपाई स्टँड पुरे. तोही नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत रचून मोबाईल टेकवावा.

तिसरे, उजेड. खिडकीचा उजेड तोंडावर यावा, पाठीमागून येऊ नये. सकाळी हे काम फुकटात होते. रात्री दिव्याखाली चित्रावर पट्टे धावताना दिसले, तर मोबाईलमध्ये ५० हर्ट्‌झची सोय शोधावी; आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे.

चौथे, साठवण. १०८० च्या दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेतो. 'फोर के'ला त्याच्या अडीच-तीन पट लागते. विद्यार्थ्याला १०८० भरपूर झाले. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीप्रमाणे पाठविला की त्याचा दर्जा उतरतो, म्हणून तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

कॅमेरा शेवटी. मोबाईलचा मागील कॅमेरा वापरावा, तो बहुधा पुढच्यापेक्षा चांगला असतो. मध्येच फोन येऊ नये म्हणून फ्लाइट मोड लावावा. आधी अर्धा मिनिट बोलून, ते इअरफोनने ऐकून, मगच पूर्ण चित्रण करावे.

समाजबांधवांना एक सूचना कराविशी वाटते. माईक, स्टँड, एक लहान दिवा आणि चालू स्थितीतील एखादा जुना मोबाईल, असा एक संच संस्थेने घ्यावा. ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे नोंदवहीत सही घेऊन तो दोन दिवसांसाठी द्यावा. परीक्षेच्या व स्पर्धांच्या दिवसांत, ज्याच्या घरी मोबाईल नाही त्याला आधी द्यावा. एका घराला जड जाणारा खर्च वर्गणीतून सहज निघेल आणि वर्षभरात कितीतरी मुले त्याचा लाभ घेतील.

विद्यार्थी मित्रांनो, साधन कमी आहे म्हणून मागे राहू नका. विषयाची तयारी पक्की करा, माईक जवळ घ्या आणि स्पष्ट बोला. तुमचे म्हणणे ऐकणाऱ्यापर्यंत पोचले की साधनाचे काम झाले.