अंगणातली आगगाडी

श्रोतेहो, अंगणात आगगाडी बांधायची म्हटली की तुम्ही म्हणाल, हा श्रीमंतांचा खेळ. एका दिवसात विकत आणून मांडायची तर तो तसा आहेच. पण वर्षाला दहा-पंधरा फूट रूळ असा बेत केला, तर शाळेला आणि शेतकऱ्याच्या घरालाही तो झेपतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली खुलं झालं. त्यामागेही वर्षानुवर्षांचा नाद होता. ती गाडी मात्र छपराखाली धावते. आपल्या गाडीला ऊन, पाऊस आणि माती सोसायची आहे.

पहिला प्रश्न मापाचा. बागेतल्या गाड्यांसाठी दोन रुळांत ४५ मिलिमीटर अंतर ठेवण्याची पद्धत जगभर चालते. पुणे-मिरज मार्ग १९७१ पर्यंत मीटर गेजचा होता. हजार मिलिमीटरांना पंचेचाळीसने भागा, म्हणजे आपली गाडी खरीच्या सुमारे बाविसाव्या हिश्श्याची होते. गुरुजींना गुणोत्तराचा धडा इथे आयताच मिळतो. या मापात वीतभर उंचीची तुळस चार-पाच मीटरांचं झाड होते आणि स्टेशनमास्तर साडेसात सेंटिमीटरांचा!

आता मातीकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. कृष्णाकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते रूळ अंथरले तर पहिल्याच वर्षी त्यांचा साप होतो. म्हणून वीत-दीड वीत खोल चर खणून काळी माती काढावी, मुरूम भरून चोपावा आणि वर बारीक खडी टाकावी. साताऱ्याकडच्या मुरमाड जमिनीत हा खटाटोप कमी. पण पाऊस जास्त, म्हणून बाजूने नाली हवीच. सांगलीकरांनी तर वाट जमिनीपासून हातभर उंच, विटांच्या खांबांवर घ्यावी. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको. हरळीशी मात्र दर पावसाळ्यात सामना ठरलेला.

चढ मीटरला दोन सेंटिमीटरांपेक्षा जास्त नको. सालपे-आदर्कीच्या घाटात मोठी गाडी सरळ चढत नाही, वळसे घेत चढते. छोट्या गाडीलाही तीच युक्ती लागते. वळणाची त्रिज्या निदान सव्वा मीटर ठेवा, नाहीतर लांब डबे घसरतात. दुसरी गोष्ट उन्हाची. दहा मीटर पितळी रूळ पहाटेपासून दुपारपर्यंत तीस अंशांनी तापला, तर जवळजवळ सहा मिलिमीटर वाढतो. सांध्यांत फट न ठेवल्यास मार्ग मधेच उचलला जातो. स्लीपरांना जुन्या सागवानाच्या पट्ट्या उत्तम. घरची २३० व्होल्टची वीज बागेत अजिबात आणू नये. इंजिनात बॅटरी बसवली की ओल्या रुळांची चिंताच उरत नाही.

आणि गाडी कोणती करायची? माझं मत विचाराल तर बार्शी लाइट. ही अडीच फुटी गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत १९२७ साली आली आणि पुढे वारकऱ्यांनी लगडून धावायची. रुंद मार्ग आला तशी ती नाहीशी झाली. १९७१ नंतर काही वर्षे मिरजेत तिन्ही रुंदींच्या गाड्या येत. आजच्या मुलांना त्यातली एकच ठाऊक आहे. आपल्याच रुळावर ती सतराव्या हिश्श्याने बसते. डब्याची बाके कशी होती, दारे कुठे उघडत, रंग कोणता, हे सांगणारे आजोबा-आजी अजून गावोगाव आहेत. मुलांनी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावं आणि चित्र काढून त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यावं. हे काम यंदाच करा. रूळ पुढच्या साली टाकले तरी चालतील.

पहिल्या वर्षी एवढंच करावं: वाट आखावी, चर भरावा आणि त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत पाणसळ लावून पाहावी, खचलं असेल तिथे मुरूम टाकून पुन्हा चोपावा, आणि मग पहिले दहा फूट रूळ बसवायला घ्यावेत.