चरबीवर सायकल किती पळते?

कर्बोदके जवळजवळ बंद करून सायकलवर शंभर किलोमीटर जाता येईल का? हा प्रश्न हल्ली आम्हांला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याचा हिशेब असा असतो : शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली कर्बोदके 400 ते 500 ग्रॅम, म्हणजे फार तर 2,000 किलोकॅलरी. उलट, सडपातळ माणसाच्या अंगावरही सात-आठ किलो चरबी असते. तिच्यात 60,000 किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा असते. मग वाटेत केळी कशाला खायची?

हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. कोठारात माल किती, याबरोबरच तो किती वेगाने वापरता येतो, हेही पाहावे लागते.

दोन प्रयोग पाहू. 1967 साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना थकेपर्यंत जागेवरची सायकल चालवायला लावली. मिश्र आहारावर ते सरासरी 114 मिनिटे टिकले, भरपूर कर्बोदकांच्या आहारानंतर 167 मिनिटे. पण तीन दिवस प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांवर काढल्यावर फक्त 57 मिनिटे. 1983 साली अमेरिकेत स्टीफन फिनी यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे रोज 20 ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके दिली. आधी ते सरासरी 147 मिनिटे टिकत. नंतर 151 मिनिटे टिकले!

मग खरे कोणाचे? दोघांचेही. चरबीवर काम करण्याची सवय व्हायला स्नायूंना तीन दिवस पुरत नाहीत, काही आठवडे लागतात. दुसरा फरक जोराचा. ऑक्सिजन वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे 75 टक्के जोर स्वीडनमध्ये होता, तर फिनींच्या प्रयोगात सुमारे 63 टक्के.

जोराने एवढा फरक का पडतो? ग्लुकोजच्या एका रेणूच्या ज्वलनाला ऑक्सिजनचे 6 रेणू लागतात, पामिटिक आम्लाच्या एका रेणूला 23. ऊर्जेचा हिशेब मांडला, तर एक लिटर ऑक्सिजन खर्चून कर्बोदकांपासून सुमारे 5 किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांपासून 4.7. शिवाय चरबीचे ज्वलन ठरावीक वेगापलीकडे वाढत नाही. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जाताना हे जाणवत नाही. घाटात धाप लागली की जाणवते.

म्हणून कमी कर्बोदकांचा आहार घेणाऱ्याने सवयीला अवधी द्यावा, वेग बेताचा ठेवावा, आणि घाट चढायचा असेल तर एखादे केळे खिशात ठेवावे. फिनींनी आपल्या सायकलपटूंना क्षारही वेगळे दिले होते, हे विसरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा प्रयोग करूच नये. रस्त्यात साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. फिनींच्या पाचांपैकी काहींची वेळ वाढली होती, काहींची घटली होती. सरासरी मात्र जवळपास तीच राहिली. सरासरीच्या आड माणसे कशी लपतात, याचे याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.