क्रियापदांची जर्मन नामे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमरावतीचा जर्मनीशी संबंध जुना आहे : तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी कबड्डीसारख्या देशी खेळांचे प्रात्यक्षिक दाखवून आले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करारनामा केला, आणि तिकडे नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या तरुणांपुढे आता जर्मन व्याकरण उभे आहे. त्यातही क्रियापदाचे नाम करून त्याच्या अगोदर शब्दयोगी अव्यय योजण्याच्या प्रकाराचा जो धसका घेतला जातो, तो मला अनाठायी वाटतो.

जर्मन नामांची लिंगे घोकल्यावाचून गत्यंतर नाही हे खरे. परंतु म्हणून ‘लेझेन’ म्हणजे वाचणे, ‘श्लाफेन’ म्हणजे झोपणे, अशा प्रत्येक नामाचे लिंग स्वतंत्र पाठ करावे लागते, ही समजूत निराधार होय. क्रियापदाचे मूळ रूप जसेच्या तसे उचलून केलेले नाम तेथे सदैव नपुंसकलिंगीच असते, आणि आपली ‘वाचणे’, ‘झोपणे’ ही नामेही नपुंसकलिंगीच आहेत. लिहिताना पहिले अक्षर तेवढे थोरले काढावे.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. ‘बाय’ म्हणजे जवळ, ‘त्सू’ म्हणजे कडे, असा कोष्टकी अर्थ धरून बसलेल्यास ‘बाइम लेझेन’चा अर्थ लागत नाही, तो ‘वाचताना’ असा आहे. ‘फोम लाउफेन म्यूडे’ म्हणजे धावून दमलेला. ‘त्सुम’ उद्देश दाखवितो, आणि येथे, वऱ्हाडी बोली शुद्ध भाषा शिकण्याच्या आड येते असे मानणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. कारण अकोल्याकडची माय ‘जेवाले ये’ म्हणते, त्याच ठिकाणी जर्मन आई ‘कोम त्सुम एसेन’ म्हणते. मात्र प्रत्येक ‘ले’चा ‘त्सुम’ होत नाही : ‘खेयाले जातो’ हे ‘गेट श्पीलेन’ असे नुसत्या क्रियापदानेच भागते.

‘बाइम’, ‘त्सुम’ हे अखंड शब्द नव्हेत. ‘बाय डेम’, ‘त्सू डेम’ यांचे ते संक्षेप असून ‘डेम’ हे चतुर्थीचे उपपद आहे. ‘नाख डेम एसेन’ म्हणजे जेवल्यानंतर, ‘फोर डेम श्लाफेन’ म्हणजे झोपण्यापूर्वी. लेखी भाषेत येथे संक्षेप होत नाही. ‘ओने त्स्योगर्न’, म्हणजे न कचरता, यात तर उपपदच नाही.

खरी अडचण कर्माची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ‘वर्तमानपत्र वाचताना’ हे सांगावयाचे झाल्यास, क्रियापद नाम झाले तरी कर्म द्वितीयेतच राहील असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ते षष्ठीत जाते, ‘बाइम लेझेन डेर त्साइटुंग’, किंवा नामाला अगोदरच जोडले जाऊन ‘बाइम त्साइटुंगलेझेन’ असा समास होतो. कृदन्ताच्या योगे कर्माला षष्ठी, हा पाणिनीचा नियम शाळेच्या संस्कृतात शिकलेल्यांना त्यात नवल वाटू नये. ‘ग्रंथाचे वाचन’ आपणही म्हणतोच.

राहता राहिला ‘इख बिन आम लेझेन’, मी वाचत आहे, हा प्रयोग. पाठ्यपुस्तकात सहसा न आढळल्यामुळे कित्येक त्यास अशुद्ध ठरवितात. परंतु बोलण्यात तो सर्रास चालतो. नोकरीच्या अर्जात मात्र साधे ‘इख लेझे’ लिहावे.