पाणबुडी चालवणारे बारा टक्के!

अमेरिकेतल्या तिशीच्या आतल्या १२ टक्के तरुणांकडे म्हणे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे! प्यू रिसर्च सेंटरच्या फेब्रुवारी २०२२मधल्या ऑनलाइन सर्वेक्षणातून हा आकडा निघाला. प्रत्यक्षात असा परवाना असलेल्यांचं प्रमाण शून्याच्या आसपास आहे. प्यूने हा प्रश्न मुद्दामच घातला होता. स्वतःहून नाव नोंदवून सर्वेक्षणं भरणारे लोक कितपत खरी उत्तरं देतात, हे त्यांना तपासायचं होतं.

माणसं अशा पाट्या का टाकतात? मानसशास्त्रज्ञ जॉन क्रॉसनिक यांनी १९९१मध्ये याची फोड केली. नीट उत्तर द्यायचं तर प्रश्न समजून घ्यावा लागतो, आठवणी धुंडाळाव्या लागतात, मत ठरवावं लागतं आणि मग ते दिलेल्या पर्यायांत बसवावं लागतं. प्रश्न अवघड असला, उत्तर देणाऱ्याला विषयात रस नसला, की यातल्या पायऱ्या गाळल्या जातात. हाताला येईल त्या पर्यायावर टिचकी मारून माणूस मोकळा होतो. प्रश्नावली लांबली, की थकवा येतो आणि शेवटच्या प्रश्नांना घाईघाईत, एकसारखी उत्तरं मिळू लागतात. त्यात ऑनलाइन सर्वेक्षणात समोर विचारणारं कुणी नसतं, आणि मोबदला बहुधा फॉर्म पूर्ण केल्याचा मिळतो, विचार केल्याचा नाही.

मीड आणि क्रेग या संशोधकांना २०१२च्या अभ्यासात १० ते १२ टक्के विद्यार्थी निष्काळजीपणे उत्तरं देताना आढळले. दहातला एक, म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण गोष्ट मुळातच दुर्मीळ असेल, तर एवढी भेसळही चित्र पालटून टाकते. हजारातले पन्नास जण डोळे मिटून ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडू लागले, तर कुणीच न केलेल्या कृत्याला पंचवीस ‘हो’ मिळतात.

करोनाकाळात नेमकं हेच घडलं. मे २०२०मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ५०२ प्रौढांची ऑनलाइन पाहणी केली. पातळ केलेलं ब्लीच प्यायल्याचं किंवा त्याने गुळण्या केल्याचं ४ टक्के लोकांनी सांगितलं आणि जगभर बातम्या झाल्या. पुढे दुसऱ्या संशोधकांनी असंच सर्वेक्षण पुन्हा घेतलं, पण उत्तर देणारा लक्ष देतोय का, हे पडताळणारे प्रश्न पेरून. तेव्हा जंतुनाशकं प्यायल्याच्या ‘कबुल्यां’पैकी ८० ते ९० टक्के कबुल्या बेभरवशाच्या लोकांच्या निघाल्या.

त्यामुळे ‘इतके टक्के लोक अमुक भलतंच करतात’ अशी बातमी दिसली, तर आधी दोन गोष्टी शोधा: उत्तरं देणारे कसे निवडले होते आणि बेफिकीर उत्तरं गाळली होती का. बातमीत दोन्हींचा पत्ता नसेल, तर त्या टक्केवारीवर विसंबू नका.