डोळ्यांखालची छाया

भुसावळहून वरणगावच्या दिशेने निघाले म्हणजे थोड्याच वेळात उंच धुराडी दिसू लागतात. हेच दीपनगर. येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1968 साली सुरू झाला. त्यानंतर त्याहून कितीतरी मोठे संच उभे राहिले आणि कामगारांची वसाहतही वाढली. दिव्यांना वीज पुरविणाऱ्या गावाला दीपनगर हे नाव शोभून दिसते.

घरातील दिवा आपण झोपताना मालवतो. वीजकेंद्रातील भट्टी मात्र रात्री मालवता येत नाही. इस्पितळे, आगगाड्या, पाण्याचे पंप यांना मध्यरात्रीही वीज लागते. म्हणून अशा केंद्रांतील कामगार पाळीपाळीने काम करतात, आणि त्यांतील एक पाळी रात्रीची असते. सकाळी मुले दप्तरे घेऊन शाळेला निघतात, त्या सुमारास रात्रपाळीचा कामगार घरी परततो. त्याचा चेहरा ओढलेला असतो, डोळे खोल गेलेले दिसतात आणि डोळ्यांखाली काळसर अर्धवर्तुळे उमटलेली असतात. ही वर्तुळे येतात कोठून?

डोळ्यांभोवतीची कातडी सर्व शरीरात अत्यंत पातळ असते. तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. शिवाय तिच्याखाली चरबीचा थर नसल्यासारखाच असतो. पातळ मलमलीखाली रंगीत कापड ठेवले, तर त्याचा रंग वर उमटतो. त्याचप्रमाणे या कातडीखालील बारीक रक्तवाहिन्यांची निळसर-जांभळी झाक वर दिसते. जागरणाने चेहरा निस्तेज झाला की ही झाक अधिकच उठून दिसते. त्यातच पापण्या किंचित सुजल्या, तर त्या फुगवट्याची सावली खाली पडते, आणि काळेपणा दुप्पट झाल्याचा भास होतो.

जागरण चेहऱ्यावर खरोखरच उमटते काय, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी पडताळून पाहिले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 10 माणसांची छायाचित्रे दोनदा घेतली होती. एकदा पुरेशी झोप झाल्यावर आणि एकदा 31 तासांच्या जागरणानंतर. कोणते छायाचित्र केव्हाचे, हे न सांगता ती 40 जणांना दाखविली. जागरणानंतरच्या चेहऱ्यांत पापण्या अधिक उतरलेल्या, डोळे अधिक लाल व सुजलेले आणि वर्तुळे अधिक गडद आहेत, असे त्यांना आढळले.

मग रात्रपाळीच्या कामगाराने दिवसा झोपावे, म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. परंतु शरीरात एक घड्याळ असते व ते सूर्यप्रकाशाशी जुळवून घेते. या घड्याळाची रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. उजाडले की हे घड्याळ शरीराला जागे करू लागते. त्यामुळे दिवसाची झोप सहसा तुटक व अपुरी होते. खानदेशचा उन्हाळा तर विचारूच नये! मे महिन्यात पारा 45 अंशांवर चढतो आणि भिंतीसुद्धा तापतात. अशा वेळी खिडकीवर जाड पडदा, खोलीत गारवा आणि घरात शांतता, ही औषधेच होत. खिडकीखाली चेंडू आपटणाऱ्या मुलाला आपण कोणाची झोप मोडतो आहोत, याची कल्पना नसते. अर्धवट झोपेने केवळ चेहरा उतरत नाही; लक्ष विचलित होते, हात चुकतात आणि मोठ्या यंत्रांजवळ अशी चूक जिवावर बेतू शकते.

मात्र प्रत्येक काळे वर्तुळ जागरणाचेच असते, असे मानणे चूक ठरेल. खिडकीसमोर प्रकाशाकडे तोंड करून आरशात पाहावे. काळेपणा नाहीसा झाला, तर ती केवळ डोळ्यांखालच्या खोलगट भागाची सावली होय. तपकिरी रंग तसाच राहिला, तर तेथे मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असावे. पुष्कळ घराण्यांत ही ठेवण आजोबांपासून नातवापर्यंत चालत येते. तो आजार नव्हे. त्यासाठी कोणालाही चिडविणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

डोळे चोळण्याची सवय हेही एक मोठे कारण आहे. धूळ किंवा परागकण यांनी डोळे खाजतात, मूल ते मुठीने चोळते आणि तेथील नाजूक कातडी हळूहळू काळवंडते. डोळे स्वच्छ थंड पाण्याने धुवावेत. खाज थांबतच नसेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. काही प्रकारच्या सुरम्यात शिसे हा विषारी धातू असतो. तो डोळ्यांत घालू नये.

रक्तक्षयाकडे तर विशेष लक्ष दिले पाहिजे. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील 15 ते 19 वर्षे वयाच्या दर 10 मुलींपैकी जवळजवळ 6 जणींना रक्तक्षय होता. रक्त कमी झाले की चेहरा फिकट पडतो आणि डोळ्यांखालची छाया ठळक होते. खालची पापणी आतून फिकट दिसणे, जिना चढताना दम लागणे, ही त्याची लक्षणे होत. बाजरीची भाकरी, डाळी, हिरव्या भाज्या, तीळ यांतून लोह मिळते. त्यांच्यासोबत लिंबू, पेरू किंवा आवळा खाल्ला, तर ते अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास मात्र लोहाचे शोषण घटते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी याच लोहाची असते. पुष्कळ मुले ती हळूच खिशात टाकतात!

काकडीचे काप किंवा थंड पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवली, तर गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात व छाया काही वेळ फिकी होते. झोपेची जागा काकडी घेऊ शकत नाही. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास आणि त्यापुढच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. त्यांतील तासभर हल्ली हातातील मोबाइलच खातो.

डोळ्यांभोवती सकाळी वारंवार सूज येत असेल किंवा सोबत पायही सुजत असतील, तर मात्र घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. तो मूत्रपिंडाच्या विकाराचा इशारा असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडे लगेच जावे.